मेस्त्रीचं खटखटं

मेस्त्री समोर येईल त्या वस्तूवर बोटाच्या पेराने ठोकायचा. दार, होडी, पेटारा, एकदा तर लग्नाला आलेल्या पाहुण्याचं डोकं. लाकूड असलं तर म्हणायचा, "हे बोलतं." धातू असला तर नाक मुरडायचा, "हे नुसतं बोंबलतं."

मी लोहार. ठाण्याच्या खाडीकाठी माझी भट्टी आणि त्याची सुतारशाळा समोरासमोर. तो किरिस्ताव, मी हिंदू, पण देवावरून आम्ही कधी भांडलो नाही. भांडलो ते लाकूड-लोखंडावरून, आणि रोज भांडलो.

"तुझी करवत कशाची? पटाशी कशाची?" मी विचारायचो.

"लोखंडाची. आन तुझ्या हातोड्याचा दांडा? तो लाकडाचा नसता तं पयल्याच घावाला तुझा खांदा निखळला असता."

मिठागराच्या ठेकेदाराने एकदा लाकडी फावडी टाकून माझ्याकडून लोखंडी करून घेतली. खाऱ्या पाण्याने पावसाच्या आतच त्यांची चाळण केली. मेस्त्रीने त्यातलं एक मुद्दाम मागून नेलं आणि मेस्त्रिणीला म्हणाला, "घे, पीठ चाळ." मग वाळवीने त्याच्याच खाटेचे पाय खाल्ले आणि नवराबायको दुपारच्या झोपेत जमिनीवर आले. मी लोखंडी पाय देऊ केले. तो पावसाळाभर माझ्याशी बोलला नाही.

खरं वैर होतं ते त्यांच्या देवळातल्या, म्हणजे चर्चच्या घंटेशी. गावात कोणी वारलं की ती वाजायची, आणि हा कानात बोटं घालायचा. ईस्टरच्या आधी गुरुवारपासून शनिवारपर्यंत मात्र येशूच्या दुखवट्यात ती मुकी असते. तिच्या जागी फळीवर हातोडी आपटणारं लाकडी खटखटं वाजवतात. ते याच्याच हातचं. म्हणून याने पाद्रीबाबांना गाठलं.

"मी मेल्यावर घंटा नको. माझं खटखटं वाजवा."

"ते तीनच दिवस वाजतं," पाद्रीबाबा वैतागून म्हणाले. "मग त्या तीन दिवसांत मर."

त्यांनी थट्टा केली, याने मुहूर्त धरला. एका वर्षी नेमका बुधवारी तापाने फणफणला. गुरुवारी मी गेलो तर डोळे मिटून पडलेला, चेहरा एकदम समाधानी. मला म्हणाला, "जमलं बघ." शुक्रवारी पाद्रीबाबा मरणाऱ्याला लावतात ते तेल लावून गेले. शनिवारी सणाची घंटा घणघणली आणि हा शिव्या देत उठून बसला. मेस्त्रिणीकडे बोंबलाचं कालवण मागितलं.

"येवढं देवाचं बोलावणं आलेलं," मेस्त्रीण कपाळाला हात लावून म्हणाली, "तं याला कालवन पायजे."

आम्ही महिनाभर हसलो. तो मात्र खरंच हिरमुसला होता.

तो गेला नारळी पुनवेनंतर, भर पावसात. ईस्टर कुठल्या कुठे. मी पाद्रीबाबांचे पाय धरले. ते म्हणाले, "नियम माझा नाही रे." त्यांचेही डोळे ओले होते, त्यामुळे मला भांडताही येईना.

गावातल्या प्रत्येक शवपेटीचे खिळे मीच द्यायचो. ठोकायचं काम किरिस्तावांच्या पोरांचं. त्या दिवशीही खिळे घेऊन गेलो. अंगणात झाकण तयार होतं आणि मला ते खिळे पुढे करवेनात. सुतारशाळेतून सागवानी खुंट्या आणल्या, भोकं पाडली, त्याची लाकडी मोगरी उचलली. जन्मात पहिल्यांदा. ओल लागली की खुंटी फुगते आणि जी घट्ट बसते ती बसतेच, खिळा बिचारा गंजतो. इतकी वर्षं मला हे ठाऊक होतं, पण त्याच्या तोंडावर कबूल करायला जीभ रेटली नव्हती.

तेवढ्यात देवळात घंटा सुरू झाली. मी खुंट्या ठोकू लागलो. खट, खट, खट. मला रडू आवरत नव्हतं.

मेस्त्रीण पेटीशी बसली होती. वाटलं, आता म्हणेल, हलू मार.

"अजून जोरात, भाऊ," ती म्हणाली. "त्याला घंटा आयकू येतेय."