केशरबाईंचा न पेटवलेला बांध

उन्हाळा सरत आला की राजूरच्या आसपासचे बांध पेटतात. गवत जाळलं की पेरणीला रान साफ. केशरबाईही लग्न होऊन आल्यापासून तेच करत होत्या. एका वर्षी त्यांनी काडी लावली आणि धुरातून तितराची मादी फडफडत बाहेर आली. दूर गेली नाही, जाळाभोवतीच फिरत राहिली. विझल्यावर राखेत अंडी दिसली, काळी पडलेली.

पुढच्या उन्हाळ्यात नवरा पुंजाराम काडेपेटी घेऊन आला, तर बाई बांधावर बसलेल्या.

"ऊठ की. उंदरं होतील, साप निघतील."

"निघू द्या. मी उठत न्हाई."

उंदरं खरंच झाली. मक्याची कणसं कुरतडली. पुंजाराम धुसफुसत राहिला. बाई मात्र संध्याकाळी बांधावर जाऊन बसायच्या. गवत कमरेएवढं झालं होतं, त्यात पिवळी रानफुलं, फुलांवर मधमाशांची गुणगुण. डोळे मिटले की वाटायचं, बांध हळूहळू श्वास घेतोय.

मग बाभळीवर पिंगळ्यांची जोडी आली. गवतात धामण फिरू लागली. त्या वर्षी कणसं बरीच वाचली.

बारावीला विज्ञान शिकलेली सून सुरेखा म्हणाली, "आत्या, गवतावर उंदीर जगतो, उंदरावर धामण न् पिंगळा. याला अन्नसाखळी म्हणतात. न् हा बांध त्यांचा अधिवास."

"अधिवास म्हंजी?"

"ज्याचं जगणं जिथं जमतं, ती जागा."

बाई तो शब्द बराच वेळ स्वतःशीच पुटपुटत राहिल्या. "मंग हे रान माझा अधिवास," त्या हसून म्हणाल्या.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या काकासाहेबांनी बांध पेटवला आणि वारं फिरलं. जाळ इकडे सरकला. कडुलिंबाच्या फांद्या घेऊन सगळे धावले. सर्वात पुढे पुंजाराम. तरी अर्धा बांध गेला.

"वहिनी, मुद्दाम न्हाई केलं," काकासाहेब मान खाली घालून म्हणाले.

"माहितीय मला. पण इथले जीव आता जातील कुठं? तुमच्या बांधावर पुन्हा गवत येईल, ते तेवढं राहू द्या."

काकासाहेबांनी जळक्या पट्ट्याकडे पाहिलं. "राहू देतो."

यंदा दोन्ही बांध हिरवे आहेत. दिवस कलला की पुंजारामही बाईंशेजारी येऊन टेकतो. वाऱ्यानं गवत लवतं, पुन्हा उभं राहतं. बाईंना डुलकी लागते, आणि त्यांची मान त्याच्या खांद्यावर येते. तो हलत नाही.