चापावर बोट नव्हतं

आमच्या गावात व्हर्लीन स्टॉट्सला सगळे व्हर्लीनबाई म्हणतात, कारण निम्म्या गावाला तिनेच शाळेत पोचवलंय. सव्वीस वर्षं ती शाळेची बस चालवते. आवाज असा की मागच्या बाकावरची मारामारी आरशात नुसतं बघून, एका हाकेत थांबवते. नवरा वारल्यावर ती नदीपलीकडच्या घरात एकटी राहू लागली, तेव्हा भावाने तिला पिस्तूल घेऊन दिलं. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याच्या डोंगरात त्यात काही विशेष नाही. माझ्या दुकानात पशुखाद्य घ्यायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या कमरेला ते असतं.

पण व्हर्लीनबाई ते घेऊन पिस्तूल चालवायच्या शिकवणीला गेली. शिकवणारा निवृत्त पोलीस होता. तो म्हणायचा, "रस्त्यात दोघं मारामारी करतायत. कोणी सुरू केली, तुला माहीत नाही. वर बसलाय तोच चोर असं नाही. फोन कर, ओरड, नीट बघ. आत्ता काढलं नाही तर डोळ्यांदेखत माणूस मरेल, एवढी खात्री असेल तरच काढ."

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, भर दुपारी, ती कोंबड्यांचं खाद्य न्यायला आली. माझा हमाल ऑडी क्रेन अंगणात तिच्या गाडीत पोती चढवत होता. तेवढ्यात एक पिकअप आत घुसली. रँडल फाउच उतरला. चोरून हरणं मारतो म्हणून ऑडीने त्याचं नाव वनखात्याला सांगितलं होतं. फाउचच्या हातात चाक खोलायचा लोखंडी पाना होता.

तो एक शब्द बोलला नाही. पहिला घाव ऑडीच्या खांद्यावर बसला, दुसरा डोक्यावर. ऑडी पोत्यांवर कोसळला. मी काचेतून बघितलं आणि पोलिसांना फोन लावला.

"फाउच! बस कर!" व्हर्लीनबाई ओरडली. तिसरा घाव. ऑडी आता हातही वर करत नव्हता. पाना पुन्हा डोक्यावर उगारला गेला, तेव्हा तिने जाकिटाखालून पिस्तूल काढलं.

"रँडल, आणखी एक मारलास तर गोळी घालीन. देवाशपथ घालीन."

फाउचने मान वळवली. नळी बघितली. पाना हळूहळू खाली आला आणि तो गुडघ्यांवर बसला. पाना मात्र हातातच राहिला.

"टाक तो."

"टाकतो, बाई, टाकतो. घाई कशाला?"

नेमका त्या वेळी मागच्या फाटकातून हॉलिस प्रुइट आला. हॉलिस म्हणजे आमच्या गावचा म्हातारा न्हावी, साधा, देवभोळा माणूस. मारामारी त्याने बघितलीच नव्हती. त्याला दिसलं ते एवढंच: रक्तात पडलेला ऑडी, गुडघ्यांवर बसलेला एक माणूस, आणि त्याच्यावर पिस्तूल रोखून पाठमोरी उभी असलेली, टोपी घातलेली कोणीतरी व्यक्ती.

त्यानेही आपलं पिस्तूल काढलं.

"खाली ठेव! ठेव, नाहीतर उडवीन!"

मी फोन टाकून दाराकडे धावलो, "हॉलिस, नको!" म्हणून ओरडलो, पण माझ्या दाराशीच आमचं धान्य दळायचं यंत्र चालू होतं. त्याला माझा शब्दही ऐकू गेला नाही.

व्हर्लीनबाई गर्रकन वळली असती तर मेली असती. तिला ते कळत होतं. पिस्तूल ठेवलं तर फाउच ऑडीपासून हातभर अंतरावर, पाना मुठीत. हेही तिला कळत होतं. फाउच तिच्याकडे बघून चक्क हसला.

"हॉलिस," ती न वळता, बसमधल्या आवाजात म्हणाली, "मी व्हर्लीन. मी हे ठेवतेय. तू त्याच्या हातातल्या पान्याकडे बघ. माझ्याकडे नको, पान्याकडे!"

तिने पिस्तूल गाडीच्या टपावर ठेवलं आणि दोन्ही हात वर केले.

फाउचने तेवढी संधी साधली. पाना फिरला. ऑडीने कसाबसा हात आडवा घातला आणि मनगट मोडून लोंबलेलं मला दारातून दिसलं. मग मात्र हॉलिसची नळी फाउचकडे वळली. फाउचला समजलं. पाना खणकन पडला आणि तो पालथा झोपला. पोलीस येईपर्यंत व्हर्लीनबाई ऑडीचं डोकं मांडीवर घेऊन जाकिटाने जखम दाबत होती.

जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाने, शेरीफने, व्हर्लीनबाई आणि हॉलिस दोघांनाही दोष दिला नाही. फाउच तुरुंगात गेला. ऑडी वाचला, पण त्याला पोतं उचलवत नाही. आता तो माझ्यासोबत गल्ल्यावर बसतो.

खाणावळीत लोकांनी तिला सोडलं नाही. "व्हर्लीनबाई, घालायचीत की गोळी! हात वाचला असता ऑडीचा."

"तो थांबला होता," ती म्हणायची. "थांबलेल्या माणसाला कशी घालू?" पण तिची कॉफी तशीच राहायची.

एके दिवशी हॉलिस तिच्या दारात जाऊन उभा राहिला. हातात सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी होती.

"चाप अर्धा दाबला होता मी," तो म्हणाला.

"मग का थांबलास?"

"जरा बाजूला सरकलो तेव्हा तुझा हात दिसला. बोट चापावर नव्हतं. मारायला आलेला माणूस असं बोट बाहेर ठेवत नाही. आणि मग तुझा आवाज." तो रडायला लागला. "तुझ्या नातवंडांचे केस कापलेत गं मी."

तिने त्याला आत घेतलं. पुढच्या महिन्यात ती त्याला घेऊन त्या शिकवणीला गेली. शिकवणाऱ्याने झालेलं सांगायला सांगितलं. हॉलिसने तिच्याकडे बोट दाखवलं. तिनेच सगळं सांगितलं, ऑडीच्या मनगटासकट.

वर्गातल्या एका बाईने विचारलं, "मग तुमचं चुकलं कुठे?"

व्हर्लीनबाईने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काढलं ते बरोबर होतं," ती म्हणाली. "ठेवलं तेही बरोबर होतं, असं मला वाटतं. पण मी फक्त फाउचवर ओरडले. पिस्तूल काढल्या काढल्या सगळ्या अंगणाला ओरडून सांगायला हवं होतं, मी कोण, मारतोय कोण. मागून कोण येईल, हा विचारच माझ्या मनात आला नाही."

हॉलिसने तिच्याकडे बघितलं. "आणि मी," तो हळूच म्हणाला, "आधी विचारायला हवं होतं."