दाराजवळचं स्टूल

थोरल्याला कुणी नुसतं "काय, बरं आहे ना?" विचारायची खोटी, की झालं सुरू. "बरं नसायला काय झालंय? धाकटी बहीण डॉक्टर आहे आपली!" सातवीत तो शाळेला कंटाळला आणि शाळा त्याला, पण रंधा हातात घेतला की त्याच्यापुढं उभं राहायची कुणाची टाप नव्हती. बहिणीच्या दवाखान्यातलं टेबल, तपासायचं बाक, औषधांचं कपाट, सगळं त्याच्या हातचं. "माझ्या हातची वस्तू कुरकुरत नाही," हे तो वाटेतल्या माणसाला थांबवून सांगायचा.

एकदा धाकटी म्हणाली, "दादा, एक स्टूल करून दे. दाराजवळ ठेवायचंय."

"दाराजवळ? पेशंट टेबलाशी बसतो का दाराशी?"

"टेबलाशी बसून गुडघा सांगतो, खोकला सांगतो. मग उठतो, कडीला हात लावतो आणि खाली बघत खरं दुखणं सांगतो. तेव्हा त्याला परत टेबलाशी बोलावलं की जीभ पुन्हा आत. म्हणून तिथंच टेकायला काहीतरी हवं."

स्टूल त्यानं करून दिलं, पण खरं दुखणं म्हणजे कुठलं, हे ध्यानात आलं तेव्हा थोरल्याचे कान तापले. नवरा-बायकोच्या आतल्या खोलीतलं. पण धाकटी ते सगळ्यांनाच विचारायची. रक्तदाबाचा पट्टा दंडाला गुंडाळता गुंडाळता, झोप कशी, भूक कशी, आणि त्याच आवाजात, "जवळ येण्यात काही त्रास?" पैलवानाला विचारायची, शाळेतल्या बाईंना विचारायची, सुनेचा हात धरून आलेल्या आजोबांनाही विचारायची, सुनेला तेवढं बाहेर बसवून. सगळ्यांना विचारलं की कुणा एकाला टोचत नाही, असं तिचं म्हणणं. ना हसणं, ना कुजबुज. उत्तर नाही आलं तर, "बरं, वाटेल तेव्हा सांगा," आणि पुढचं बोलणं.

आता अशी बहीण असल्यावर माणसानं गप्प बसायचं म्हणजे तोंडाला टाळंच ठोकायला हवं.

एका सकाळी सलूनमध्ये बाकावर बसल्या बसल्या थोरल्याला उमाळा आला. "तो कोपऱ्यावरचा टेम्पोवाला बघितलात? परवा आमच्या धाकटीकडून बाहेर पडला तो कसा, लग्न ठरल्यासारखा! अहो, तसल्या दुखण्याला तिच्यासारखा हात नाही दुसरा!"

लोक हसले. सलूनवाला मात्र हसेना. नुसता डोळे मोठे करून खुर्चीकडं खुणावत राहिला. खुर्चीतला माणूस उठला. डोळ्यांपर्यंत फेस. त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं, तेव्हा एका गालावर दाढी होती आणि एका गालावर नव्हती. टेम्पोवाला तसाच रस्त्यावर गेला.

त्यानंतर दवाखान्यातली बाकं रिकामी दिसायला लागली. साध्या सर्दीवाल्या बायकासुद्धा समोरच्या फुटपाथवरून जायच्या. आत गेलं की लोक काय समजायचे ते समजणार! शेवटी थोरल्यानं बहिणीपुढं सगळं ओकून टाकलं.

ती चिडली नाही, त्यानंच त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणाली, "माझ्याकडं कोण येतं, कोण नाही, हे मी तुलाही सांगणार नाही. पण एवढं ऐक. असलं दुखणं कधी कधी साखरेनं किंवा हृदयानं आधी धाडलेला सांगावा असतो. लाजून घरी बसलेला माणूस जिवावरचं दुखणं घेऊन बसलेला असू शकतो. अशांना फोन मी करीन रे. पण फोन उचलायला विश्वास लागतो."

थोरल्याचं जेवणातलं लक्ष उडालं. टेम्पोवाल्याला काही झालं तर? बायको-पोरं होती त्याला.

तो रोज सलूनमध्ये जाऊन बसायला लागला. दाढी वाढायची वाटसुद्धा बघेना. सलूनवाला म्हणाला, "दादा, आता काय कातडी काढू?" अखेर एकदा टेम्पोवाला आला. थोरल्याला बघून दारातच वळला.

"थांब!" थोरला ओरडला. सगळं दुकान वळलं. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं, आणि बाहेर आलं भलतंच. "अरे, मलाच आहे तो त्रास! वर्षभर आम्ही भिंतीकडं तोंड करून झोपतोय. बायको समजते, मी तिला विटलो. गावभर बहिणीचे ढोल वाजवतो आणि स्वतः दवाखान्यात जातो ते बिजागऱ्यांना तेल घालायला!"

कात्रीसुद्धा थांबली. टेम्पोवाला दारातून परत आत आला.

"मग जात का नाही, दादा?"

"एकट्याचा पाय उचलत नाही रे."

"हात्तिच्या! एवढा बोलघेवडा माणूस तुम्ही. चला."

दोघं भर रस्त्यानं गेले. थोरल्यानं दारातच आपलं दुखणं सांगितलं, तशी धाकटी म्हणाली, "दादा, तुला मी तपासणार नाही. मोकळं बोलता येणार नाही तुला. बाजारात माझ्या सरांचा दवाखाना आहे, तिकडं जा, मी त्यांना आत्ता फोन करते. आणि वहिनीला घेऊन जा. तिला आधी खरं सांग." मग टेम्पोवाल्याकडं वळून म्हणाली, "या तुम्ही आत."

दार लागलं. थोरला बाहेर बसून राहिला. शब्द ऐकू येत नव्हते, पण फरशीवर खुर्ची सरकली ती कळली. पावलं दाराकडं आली. थांबली. आणि स्टूल कुरकुरलं.

माणूस टेकला होता.

चांगला उशीर लागला. बाहेर येताना टेम्पोवाल्याच्या हातात रक्ततपासणीचा कागद होता आणि तो सरळ प्रयोगशाळेच्या वाटेला लागला.

पुढं बाकं पुन्हा भरली. एकदा पैलवान सलूनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, "काय दादा, तुमच्या हातची वस्तू कुरकुरत नाही म्हणे? ते दाराजवळचं स्टूल कसं बोंबलतंय!"

त्या स्टुलावर माणसं का टेकतात, ती सगळी कथा थोरल्याच्या ओठांवर आली. त्यानं आरशात खुर्चीतल्या टेम्पोवाल्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाला, "लाकूड कच्चं होतं हो. जमलं नाही."