दोन थेंबांचं सल्फेट

चहा पिताना हसलात तर ठसका लागेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो: या गोष्टीतला मूर्ख मीच आहे.

पुण्याहून बंगळुरूला आलो आणि बसवनगुडीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत चिकटलो. काम काय, तर पाणी तपासायचं. त्यात आमच्या मॅडमना वेड ज्वालामुखीच्या गरम झऱ्यांचं. असलं पाणी लिंबासारखं आंबट, आणि त्यात सल्फेट. ते येतं कुठून? मॅडम म्हणायच्या, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू वर येतो, त्याला हवा लागते आणि त्याचं सल्फेट होतं. दुसरा पक्ष म्हणतो, हवेचा संबंधच नाही. खोलवर शिलारसातून गंधकाचा दुसराच वायू सुटतो, पाण्यात मिसळतो आणि सल्फेट तिथंच तयार होतं.

मॅडम इंडोनेशियाला जाऊन, नाकाला फडकं बांधून, अकरा झऱ्यांचं पाणी घेऊन आल्या. मला एवढंच म्हणाल्या, "प्रत्येक बाटलीत दोन थेंब नायट्रिक ॲसिड टाक, म्हणजे लोह तळाशी बसणार नाही. मग मोज."

टाकलं. मोजलं. आणि बघतो तर काय, ज्या झऱ्यांना हवा जेमतेम लागत होती, त्यांच्यातही सल्फेट भरपूर. म्हणजे मॅडम चूक, दुसरा पक्ष बरोबर, आणि हे सिद्ध करणारा मी!

एक बारीकसा खटका होता. तुलनेसाठी डिस्टिल्ड पाण्याचीही एक बाटली लावायची असते. तिच्यातही सल्फेट निघालं. नियमाने ते सगळ्या आकड्यांतून वजा करायचं. पण वजा केलं, तर माझा शोधच वजा होत होता. तुम्ही काय केलं असतं? मी सल्फेट मोजायच्या मशीनवर संशय घेतला.

हेब्बाळहून इंजिनिअर आला. अर्धा दिवस मशीन उघडून बसला. "सर, मशीन ठीक है," म्हणाला आणि गेला. मग मी दोष त्या डिस्टिल्ड पाण्यावरच ढकलला, वजाबाकी टाळली आणि मॅडमकडे गेलो.

मॅडमनी आकडे दोनदा वाचले. चष्मा काढला. "म्हणजे दोन वर्षं मी उलटंच लिहीत होते," त्या शांतपणे म्हणाल्या. शुक्रवारी जाणारा लेख त्यांनी पहिल्या ओळीपासून बदलायला घेतला. मला वाईट वाटलं. पण जरासंच. आईला फोन करून कळवूनही टाकलं.

शेजारच्या टेबलावर अक्का बसल्या होत्या. अक्का आमच्या जुन्या लॅब असिस्टंट. घराणं कित्येक पिढ्या इथलंच, मराठीत निम्मं कन्नड.

"स्वल्प थांब रे," अक्का म्हणाल्या. "ॲसिड कुठलं घेतलंस?"

"कोपऱ्यातलं. नायट्रिक."

"नायट्रिक आता वरच्या कप्प्यात असतंय. कोपऱ्यात सल्फ्युरिक आहे. लेबल वाचलंस की नाही?"

नव्हतं वाचलं. सल्फ्युरिक ॲसिड पाण्यात पडलं की त्याचं सल्फेटच होतं. मी ते बाटलीबाटलीत, अगदी डिस्टिल्ड पाण्यातही, हाताने घातलं होतं, आणि बिचाऱ्या मशीनने मोजून मला परत दिलं होतं.

मॅडमचं पेन थांबलं. "आता परत इंडोनेशिया?" एवढंच विचारलं त्यांनी. नोकरी गेली हे तर ठरलेलंच. पण त्या बाईंनी तो धूर परत खायचा, तोही माझ्यापायी?

अक्का उठल्या, फ्रिज उघडला. आत अकरा छोट्या बाटल्या, काठोकाठ भरलेल्या, प्रत्येकीवर झऱ्याचं नाव. "निम्मं पाणी मी आधीच काढून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या.

या वेळी ॲसिड अक्कांनी टाकलं. हवा जेमतेम लागणाऱ्या झऱ्यांत सल्फेट अगदी थोडं निघालं. मॅडमनी खोडलेल्या ओळी परत लिहिल्या आणि लेख शुक्रवारी गेला.

संध्याकाळी बाटल्या विसळताना मी अक्कांना विचारलं, "दर वेळी असं पाणी बाजूला ठेवता?"

"नवं कोणी आलं की ठेवते. बारा वर्षं झाली."

आपल्यासारखे निदान चार जण तरी निघतील, या आशेने विचारलं, "मग किती वेळा उपयोगी पडलं?"

अक्कांनी जरा आठवून बघितलं.

"ही पहिलीच वेळ बघ."