चौदा नंबरचा व्हॉल्व्ह

पाणीखात्यात सगळे त्यांना नकाशेबाई म्हणायचे. सव्वीस वर्षं त्यांनी शहराच्या पोटातले पाइप कागदावर काढले होते. कुठला कुठे वळतो ते त्यांना तोंडपाठ होतं. नकाशे कॉम्प्युटरवर चढले तेव्हा खात्याला वाटलं, आता बाईंना काम उरलं नाही. बाईंना तसं अजिबात वाटलं नाही.

एका सकाळी बाजारचौकात मोठा पाइप फुटला. व्हॉल्व्हवाल्याने पडद्यावर पाहून चौदा नंबर म्हणून जो बंद केला, तो निघाला पंधरा. भलत्याच गल्लीचं पाणी गेलं आणि चौकात तळं झालं. साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. बाईंनी पडदा आपल्याकडे वळवला.

"साहेब, त्याने वाचलं ते बरोबर वाचलं. आकडाच चुकीच्या जागी बसलाय."

प्रोग्राम लिहून देणारे काम आटोपून केव्हाच गेले होते. मग दुरुस्त कोण करणार, असं साहेबांनी विचारलं, तर बाई म्हणाल्या, मी करते, दोन महिने द्या. प्रोग्रामिंगचा त्यांना गंधही नव्हता. पण धाकटी नणंद शाळेत कॉम्प्युटर शिकवायची आणि वरच्याच मजल्यावर राहायची.

"वन्सं," बाई तिला म्हणाल्या, "आजवर माझ्या आमटीत मीठ शोधलंत, आता माझ्या प्रोग्राममध्ये चुका शोधा."

रोज सकाळी चहाबरोबर शिकवणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी बाई अडल्या. कागदावर त्या खालून वर मोजत आल्या होत्या. इथे शून्य डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात, आणि खाली जावं तसा आकडा वाढायचा. दोन दिवस त्यांचे सगळे पाइप डोक्यावर उभे राहिले. तिसऱ्या दिवशी हात वळला.

मग खरी मेख सापडली. वर्तुळाची जागा ठरायची त्याच्याभोवतीच्या अदृश्य चौकटीच्या कोपऱ्यावरून, आणि अक्षरांची, ती ज्या रेघेवर बसतात तिच्या डाव्या टोकावरून. लिहिणाऱ्यांनी दोघांना एकच जागा दिली होती. त्यामुळे 'व्हॉल्व्ह क्रमांक १४' ही पाटी वर्तुळापासून सुरू होऊन उजवीकडे पसरायची, आणि शेपटीचा चौदा थेट शेजारच्या पंधराला जाऊन चिकटायचा. नकाशा लहान केला की वर्तुळं जवळ यायची, अक्षरं मात्र तेवढीच राहायची.

नणंदेने सांगितलं, अक्षरांची रुंदी कॉम्प्युटरलाच विचार, निम्मी कर आणि तेवढं डावीकडे सरक. पाटी मधोमध आली खरी, पण बाजारचौकात पाट्या एकमेकींच्या अंगावर चढल्या. नणंदेने हात टेकले.

बाई हसल्या. "इथून पुढे माझा धंदा."

सगळी वर्तुळं व्हॉल्व्हचीच, मग तो शब्द हवा कशाला? त्यांनी तो उडवला, नुसता आकडा ठेवला. आकडा आधी उजवीकडे वर. तिथे पाइप किंवा दुसरा आकडा असेल तर डावीकडे. तिथेही दाटी असेल तर लांब, आणि वर्तुळापर्यंत एक बारीक रेघ. कागदावर त्या हेच करत आल्या होत्या. दोन चौकटी एकमेकींवर येतात का, हे तपासायचं गणित नणंदेने शिकवलं; बाकी सगळं बाईंनी लिहिलं.

दोन महिने भरायला आठ दिवस असताना त्यांनी आधी व्हॉल्व्हवाल्याला बोलावलं. साहेब नंतर. त्याने नकाशा लहान केला, मोठा केला, सरकवला. चौदा चौदाच्या जागी, पंधरा पंधराच्या. मग तो सदतीसपाशी थांबला आणि जरा चाचरत म्हणाला, "बाई, हा रस्त्याच्या पलीकडे आहे. रोज फिरवतो मी."

कागदावरही तो अलीकडेच होता, बाईंच्याच हातचा. त्यांनी चप्पल घातली, त्याच्याबरोबर जाऊन झाकण उघडून पाहिलं. पलीकडेच होता.

परत येऊन त्यांनी सदतीसची जागा बदलली. मग व्हॉल्व्हवाल्यासाठी शेजारी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बस. उरलेले दोनशे तूच तपास. मी नीट करत जाते."