पदराआडची बाटली

विजयमाला सकाळी राजीनामा देऊनच घरी येईल, ही धास्ती काही केल्या मनातून जात नाही. घरात सगळे झोपलेत. माझी मुलगीही, तिचा श्वास दोनदा बघून आले. आणि मी दिवा लावून लिहीत बसले आहे.

आमच्या मागच्या दोन खोल्यांत ती राहते. माहेर करमाळ्याचं, अकरावी होऊन टेलिफोन खात्यात लागली. तिचा आवाज मी आधी ऐकला, माणूस नंतर पाहिलं. ह्यांच्या नोकरीमुळे आमच्याकडे फोन आहे. एकदा परगावी आईशी बोलायला रात्री ट्रंक कॉल बुक केला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "तुम्ही झोपा निवांत, लाईन लागली की मी उठवते." पुढे आमच्याच मागे भाडेकरू आले, आणि नळावर तोच आवाज, "वहिनी, तुमची बादली आधी लावा."

बाळंतपणाची रजा संपली आणि तिला रात्रीची ड्युटी लागली. नवरा हरिदास टॉवेलच्या कारखान्यात, त्याचीही रात्रपाळीच. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "निघताना पाजा, आल्याबरोबर पाजा, मधे डब्याचं दूध द्या. अंगावरचं आटत नाही." विजयमालाला ते पटलं. तिच्या सासूला, सोजरबाईंना, नाही.

"डब्यातलं दूध कुठल्या गाईचं, कुणाला ठाव?" त्या म्हणायच्या. पण बाटली उकळायचं भांडं त्यांनीच वेगळं काढलं आणि त्याला कुणाला हात लावू देत नव्हत्या.

आणि तिच्या तान्ह्या मानसिंगला तर मुळीच नाही. बाटली ओठाला लागली की मान फिरवायचा.

म्हणून आमचं ठरलं. तिच्या एक्स्चेंजच्या बोर्डावर घरचे फोन चालत नाहीत, अडचण असेल तरच. पोर प्यालं नाही तर सोजरबाईंनी माझं दार वाजवायचं आणि मी फोन करायचा. फोन नाही, म्हणजे प्याला.

काल दार वाजलं नाही, आणि मला लवकर झोप लागल्यानं रडणंही ऐकू आलं नाही. विजयमालानं निर्धास्त मनानं ड्युटी केली. सकाळी येऊन बघते तर पोराचा घसा बसलेला. सासूनं साखरेच्या पाण्यावर रात्र काढली होती.

"आत्याबाई, दार का नाही वाजवलं?"

"कालच रुजू झालीस की. पहिल्याच राती पळत आली असतीस तर साहेब काय म्हनला असता?"

ती भिंतीला टेकून बसली, पोराला पदराआड घेतलं. तो तिचं मंगळसूत्र मुठीत धरून पीत राहिला, आणि पिता पिता दोघंही झोपले.

आज निघताना मात्र माझ्याकडे आली. "वहिनी, आता फोन नाही आला म्हणून प्याला, असं मी धरणार नाही. इथं पोरगं उपाशी आणि तिथं माझा ब्लाऊज भिजतोय. सकाळी साहेब आले की राजीनामा देते."

जेवणं झाल्यावर रडणं ऐकू आलं, तशी मी मागे गेले. गारठा होता. सोजरबाईंनी विजयमालाची दिवसा नेसलेली साडी अंगाभोवती गुंडाळून घेतली होती. मांडीवर मानसिंग, हातात बाटली. मला बघताच त्यांनी पोर आणि बाटली दोन्ही साडीच्या पदराखाली झाकली.

"मावशी, माझी नजर लागते होय?"

"तुमची न्हाय वो. पर दुधावर कुणाचीबी नजर नगं."

रडणं थांबलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. पदराआडून चुटुचुटु आवाज यायला लागला. आईच्या वासात, अंधारात, तो पीत होता. मी पदर उचलायला गेले तर त्यांनी हात झटकला.

"बसा गप. आता कुटं लागलाय."

बाटली रिकामी झाली तेव्हा म्हातारीचा चेहरा असा फुलला की बस. "बगा की, या वयात मला पान्हा फुटला! सांगू नगा कुणाला, समदी गल्ली पोरं घेऊन येईल."

हसू आवरत घरी आले. तेव्हापासून जिवाला बरं वाटतंय, अगदी पोट भरल्यासारखं. पण विजयमालाला यातलं काहीच ठाऊक नाही. ती कानाला यंत्र लावून गावोगावची माणसं जोडतेय, आणि मनात साहेबाला काय सांगायचं ते जुळवतेय. अडचण असेल तरच फोन, असा नियम. ही अडचण नव्हे तर काय?

भीती एवढीच की माझा आवाज ऐकून तिच्या काळजात धस्स होईल. म्हणून ठरवलं आहे. वही मिटायची आणि ट्रंक बुकिंगचा नंबर फिरवायचा. दुसरी कुणी असली तर तिला बोलावून घ्यायला सांगायचं. आणि तिचा आवाज आला की हॅलोसुद्धा म्हणायचं नाही. पहिला शब्द, "प्याला."