थंडोबाचा गचका

काका दिवसा फ्रीज दुरुस्त करतात आणि संध्याकाळी ब्लूज-रॉक वाजवतात. दोन्ही कामांमुळे लोक त्यांना थंडोबा म्हणतात. त्यांची गिटार फार संथ चालते. एक सूर लागतो, आणि दुसरा येईपर्यंत ऐकणाऱ्याचा चहा निवतो. शिवाय मधूनमधून एक गचका बसतो, जिना उतरताना पायरी चुकावी तसा. हा गचका शिकायला तरुण वादक लांबून येतात. अजून कुणाला जमलेला नाही.

मी साहित्य शिकलो. काकांच्या संथपणात मला माणसाचं सगळं दुःख ऐकू यायचं, आणि ते मी चारचौघांत सांगायचो. काकू म्हणायच्या, दुःख कसलं, यांना दात घासायलाही तेवढाच वेळ लागतो.

साठी उलटल्यावर काकांची पहिली रेकॉर्ड निघायची होती. एका लहानशा स्टुडिओच्या मालकाने स्वतःहून विचारलं होतं. अट एकच. वाजवण्याआधी काकांनी आपल्यावर कुणाचा प्रभाव पडला, ते थोडक्यात सांगायचं.

काकांना ते सोपं वाटलं. तरुणपणी त्यांच्याकडे एकच कॅसेट होती, कुणा अनोळखी गिटारवाल्याची. तिच्यावरचं नाव केव्हाच पुसलं गेलं होतं. ती पुन्हा पुन्हा लावून ते सगळं शिकले. त्या माणसाला ते गुरू मानत. तो बिचारा नुकताच कुणाला तरी स्मशानात पोचवून घरी आला असावा, असं त्यांचं मत होतं.

त्या गुरूचं नाव कळावं म्हणून मी शोधाशोध केली. काकांना आठवत असलेल्या एका ओळीवरून मूळ गाणं फोनवर सापडलं. काकांना आनंद होईल म्हणून मी ते त्यांच्या वर्कशॉपमध्ये लावलं.

गाणं धावत सुटलं. भरधाव आणि खुशीत. मागे लोक टाळ्या वाजवत होते. तो माणूस चक्क नाचायला बोलावत होता. गचका कुठेच नव्हता.

काका उघड्या फ्रीजसमोर स्क्रूड्रायव्हर धरून उभे होते. गाणं संपल्यावर म्हणाले, "याच्या घरी तर लग्न दिसतंय."

त्या रात्री त्यांनी त्या गतीने वाजवून पाहिलं. बोटं एकमेकांत अडकली. मग गिटार खोळीत गेली ती बाहेरच येईना. स्टुडिओला नको म्हणून कळवायचं त्यांनी ठरवलं. जन्मभर चुकीचं वाजवलं, आता ते रेकॉर्डवर कशाला कोरून ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं.

काकूंना मात्र काहीतरी आठवलं. टेपरेकॉर्डरचा पट्टा लग्नानंतर लगेच, ती कॅसेट घरात येण्याआधीच तुटला होता, आणि नवा त्यांच्या भावाने बसवून दिला होता. मेहुण्यांचा विषय निघताच काकांचा चेहरा कडू झाला. मेहुण्यांचं पंख्यांचं दुकान आहे. त्यांनी दुरुस्त केलेली वस्तू काका घरी आणून पुन्हा उघडतात, हा घरचा शिरस्ता. तेव्हा सोयरीक नवी होती म्हणून तेवढी एकच वस्तू उघडायचा त्यांना संकोच वाटला होता.

मेहुण्यांना बोलावलं. चहा येईपर्यंत ते आठवत राहिले.

"मापाचा पट्टा कुठे मिळेना, भावोजी. मग सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून चिकटवली. जरा ढिली होती, त्यामुळे सावकाश फिरायचं. आणि जोडापाशी अडकायचं थोडं. पण चालत होता ना?"

मेहुण्यांनी बिस्किट बुडवलं. काका त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरू निघाला तो हा."

काकू हसून हसून बेजार झाल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, याने गल्लीतले सगळे टेप असेच दुरुस्त केले होते. बाकी कुणी शिकलं का वाजवायला?"

काका उठून आत गेले. थोड्या वेळाने आतून तारा जुळवल्याचा आवाज आला.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मेहुणे कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. आम्ही काचेच्या अलीकडे, यंत्रावर बसलेल्या मुलीच्या मागे दाटीवाटीने बसलो. पलीकडे काका माइकसमोर. तुमच्यावर कुणाचा प्रभाव, असं मालकाने विचारलं. काका इतका वेळ गप्प राहिले की त्या मुलीने वायर तपासली.

"माझ्या मेहुण्यांचा," काका म्हणाले. दाढ उपटून काढावी तसे शब्द आले. मेहुणे खुर्चीत ताठ झाले.

मग काकांनी वाजवलं, नेहमीसारखं, सावकाश. मला पुन्हा तेच दुःख ऐकू आलं. आता ते कुणाचं, हे मात्र सांगता येईना.

संपल्यावर मुलगी बटण दाबून म्हणाली, "छान झालं काका. गती थोडी कमी वाटते, आणि मधे मधे अडखळलंय. मी मशीनवर सरळ करून देऊ का?"

काकांची मान खाली गेली. मेहुणे खुर्ची सरकवून उठले.

"हात लावू नका," ते म्हणाले. "ते तसंच असतं."

काकांनी मान वर केली. "मेहुणे म्हणतात तसंच ठेवा," ते म्हणाले.

काकूंनी मला कोपराने ढोसलं. हे वाक्य त्या आपल्या संसारात पहिल्यांदाच ऐकत होत्या.